लीव्हर ॲक्शनमधे दुसरी गोळी मधेच का येते: ‘मार्लिन जॅम’ या शब्दामागची गोष्ट

लीव्हर ॲक्शन रायफल, म्हणजे ट्रिगरभोवतीचा लीव्हर खाली-वर करून पुढची गोळी भरायची ती, अडली की हल्ली सगळे एकच शब्द फेकतात, मार्लिन जॅम. गोळी चेंबरच्या, म्हणजे जिथून ती झाडली जाते त्या खोबणीच्या, तोंडाशी टेकून राहिली तरी मार्लिन जॅम, रिकामं केस बाहेर पडलं नाही तरी मार्लिन जॅम, आणि रायफल मार्लिन या अमेरिकन कंपनीची नसली तरी तेच. मला हे मनापासून खटकतं, कारण हा शब्द एका ठरावीक बिघाडाचा आहे, आणि तो बिघाड कळला नाही की माणूस कानस घेऊन भलत्याच भागावर बसतो आणि धडधाकट रायफलची वाट लावतो.

आधी थोडं मागे जाऊ, पण फार नाही. १८६० च्या हेन्री रायफलमधे बॅरलखालच्या गोळ्यांच्या नळीला खालून लांबच्या लांब चीर होती, त्यातून धूळ आत जायची, आणि स्प्रिंगला जोडलेली खुंटी त्या चिरेतून मागे सरकत यायची ती नेमकी धरलेल्या हातावर येऊन थांबायची, म्हणजे पुढची गोळी येणंच बंद. १८६६ मधे बाजूने गोळ्या भरायचं झाकण, म्हणजे लोडिंग गेट, आलं, नळी बंद झाली आणि हा प्रश्न मिटला. विंचेस्टरच्या १८७३ च्या मॉडेलमधे गोळी वर नेणारा कॅरियर म्हणजे धातूचा एक ठोकळाच, लिफ्टसारखा सरळ वर जाणारा. या ठोकळ्यात जागा बरोब्बर एका काडतुसाची. काडतूस लांब झालं तर त्याचं टोक नळीतच राहतं आणि ठोकळा उठत नाही, आखूड झालं तर मागून येणाऱ्या काडतुसाचं बूड ठोकळ्यात घुसतं आणि तरीही ठोकळा उठत नाही. म्हणजे .४४-४० चं काडतूस जेवढं लांब, साधारण १.६ इंच, तेवढीच त्या यंत्राची सहनशक्ती. लीव्हर ॲक्शनच्या फीडिंगचा सगळा इतिहास मला तर या एका मापाभोवतीच फिरताना दिसतो.

१८८६ पासून १८९४ पर्यंत युटाहमधल्या एका डिझायनरने विंचेस्टरसाठी जी मॉडेल्स काढली त्यात हा ठोकळा गेला आणि मागे बिजागरी असलेला, पुढून तोंड वर करणारा कॅरियर आला. त्यात गोळी तिरकी उभी राहते आणि बोल्ट, म्हणजे मागून चेंबर बंद करणारा सरकता दांडा, तिला आत ढकलतो. हलकं, पातळ आणि जोरदार काडतुसं पेलणारं यंत्र, १८९५ मधे त्यात .३०-३० आलं आणि पुढे हे १८९४ मॉडेल ७० लाखांहून जास्त बनलं. पण ठोकळा गेला म्हणजे दुसरी गोळी अडवून धरायचं काम आता कुणीतरी दुसऱ्याने करायला हवं, आणि ते प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने केलं. मार्लिनने केलं ते खरंच हुशारीचं होतं, फक्त त्यात एक कमजोर जागा राहिली.

मार्लिनच्या लीव्हरला पुढच्या टोकाशी गोगलगाईच्या शंखासारखा एक गोल कान असतो. लीव्हर पूर्ण बंद असताना हा कान कॅरियरला खालून किंचित उचलून धरतो, आणि कॅरियरचं तोंड नळीतल्या गोळीच्या बुडाला आडवं येतं. लीव्हर उघडायला लागलं की कान सरकतो, कॅरियर खाली बसतो, एक गोळी त्यावर येते, मग कॅरियर वर जातो आणि वर जाताना त्याच्याच पुढच्या भागाने दुसरी गोळी अडते. म्हणजे वेगळा पहारेकरी नाहीच, कॅरियरच दारही आणि दारवानही. आता त्या कानाची कड कारखान्यातून धारदार आली असेल तर हजारो वेळा घासून ती कॅरियरच्या खालच्या अंगाला खाच पाडते. खाच पडली की कॅरियर जरासा खाली बसतो, नळीतली गोळी वेळेआधी निसटते, आणि लीव्हर उघडलं की तिच्या मागची अर्धवट आत येते किंवा कॅरियरच्या खाली जाते. मग लीव्हर ना धड उघडत ना बंद होत. हा मार्लिन जॅम, आणि फक्त हाच.

गेल्या हिवाळ्यात रेंजवर एका काकांची रायफल (कंपनीचं नाव नको) अशीच अडली होती, लीव्हर तीनेक इंच उघडं आणि आत जिवंत काडतूस. ते जोर लावायला निघाले होते, त्यांना थांबवलं, बॅरल समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवलं, लीव्हरचा स्क्रू काढला, लीव्हर बाहेर, बोल्ट मागे, आणि काडतूस आपोआप तळहातावर पडलं. नंतर कॅरियर काढून दिव्याखाली धरला तर खालच्या बाजूला एक चकचकीत आडवी रेघ दिसत होती, नख फिरवलं तर अडकत होतं. एवढीशी गोष्ट. काकांनी मात्र आदल्या महिन्यात लोडिंग गेटची स्प्रिंग बदलून घेतली होती, कारण कुणीतरी सांगितलं फीडिंगचा प्रॉब्लेम म्हणजे गेट.

आता यावरचा उपाय हा खरा वादाचा मुद्दा आहे. एक गट म्हणतो कानाची कड कानशीने गोल करा, काम संपलं. दुसरा म्हणतो कॅरियरची खाच भरा, वेल्ड करून किंवा तिथे पियानोच्या कडक तारेचा तुकडा बसवून, नाहीतर कॅरियरच बदला. माझं मत स्पष्ट आहे, दुसरा गट बरोबर आहे आणि पहिला अर्धाच बरोबर. कड मोडणं हा पुढची झीज थांबवायचा उपाय आहे, झालेली झीज त्याने भरून येत नाही, आणि कानाची उंची चुकून कमी झाली तर कॅरियर आणखीच खाली बसतो, म्हणजे ज्याच्यासाठी कानस घेतली तेच वाढवून ठेवलं. बारीक पॉलिश पेपरने फक्त धार मारायची, गोलाईला हात लावायचा नाही, हे ज्यांनी सांगायला हवं होतं ते सांगत नाहीत आणि लोक ग्राइंडर लावतात. बघून जीव तुटतो.

हा बिघाड एवढा गाजला त्याचं कारण मात्र जुनं नाही. .३०-३० ची शिकारी रायफल वर्षाला एखादा डबा गोळ्या मारते, तिला खाच पडायला आयुष्य जातं. १९७९ मधे .३५७ मॅग्नमची मार्लिन १८९४ आली आणि १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातून काउबॉय शूटिंगचा, म्हणजे जुन्या धाटणीच्या बंदुकांनी वेगात नेमबाजी करायचा, खेळ पसरला, मग तीच रायफल महिन्याला शेकडो राऊंड, तेही जीव खाऊन, फटाफट लीव्हर मारत. त्यात भर म्हणजे स्वस्त आणि कमी धक्क्याचं म्हणून लोक तिच्यात .३८ स्पेशल घालतात. .३८ चं केस .३५७ पेक्षा ०.१३५ इंचाने आखूड, त्यात सपाट तोंडाची वॉडकटर गोळी असली तर एकूण लांबी अजूनच कमी, आणि बोथट टोक चेंबरच्या कडेवर आपटतं. हा बिघाड नाही, हा मापाचा प्रश्न, १८७३ च्या ठोकळ्याचाच जुना प्रश्न. आणि रिकामं केस बाहेर पडण्याचा प्रश्न .४५ कोल्ट काडतुसाचा, केस ओढून काढायला बुडाला जी कड लागते ती जुन्या काळी इतकी बारीक की एकोणिसाव्या शतकात कुणी त्याची लीव्हर रायफल काढलीच नाही, ती आली विसाव्या शतकाच्या शेवटाकडे. तिन्ही वेगळे आजार, नाव एकच.

विंचेस्टरच्या बाजूला १९६४ ची गोष्ट सगळ्यांना माहीत असतेच. खर्च वाचवायला घडीव भागांच्या जागी पत्र्याचा ठोकून काढलेला कॅरियर आणि पोकळ पिना आल्या, आणि ‘प्री-६४’ हा शब्द बाजारभाव ठरवायला लागला. पत्र्याचा कॅरियर वाईटच होता, गोळी नेमक्या कोनात धरायची तर तो भाग ठाम हवा, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सुधारावाच लागला. पण त्यामुळे १९६४ नंतरची प्रत्येक रायफल टाकाऊ म्हणणं हे मला अन्यायाचं वाटतं.

मार्लिनवर तशीच वेळ आली ती २००७ मधे रेमिंग्टनला झालेल्या विक्रीनंतर. २०११ मधे कनेक्टिकटमधला कारखाना बंद झाला, मशिनरी न्यूयॉर्क राज्यात गेली, पण ज्या हातांना त्या जुन्या मशिनींची सवय होती ते हात बरोबर गेले नाहीत. त्या काळातल्या रायफलींसाठी लोकांनी दोन कंपन्यांची नावं जोडून ‘रेमलिन’ हा शब्द काढला, आणि बॅरलवर जुन्या कारखान्याचा ‘जेएम’ चा शिक्का आहे का हे बघूनच पैसे मोजायला लागले. त्यांच्या फीडिंगच्या तक्रारी बऱ्याचदा झिजेच्या नव्हत्याच, नव्याकोऱ्या रायफलीत भागांची माप-जुळणीच चुकलेली असायची, आणि त्यावर कान घासायचा सल्ला म्हणजे ताप आलेल्याला चष्मा देणं. २०२० मधे दिवाळखोरीत ब्रँड पुन्हा विकला गेला, २०२१ च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनातून नव्या रायफली निघाल्या, आधुनिक मशिनिंगवर.

जुनी रायफल विकत घेताना अजूनही एकच गोष्ट मी आधी करतो, पाच-सहा डमी काडतुसं भरतो, लीव्हर सावकाश चालवतो आणि मग जोरात. सावकाश अडली तर बहुतेक वेळा लांबी किंवा गोळीचा आकार, एकाच वेळी दोन आत आल्या तर कॅरियर काढून त्याच्या खाली नख फिरवून बघायचं.