गुरुपौर्णिमा आणि शिक्षक दिन: शाळेत कोणत्या दिवशी काय करावं?

पाचवीतल्या पोराचं भाषण एकदा लिहून ठेवलं की पुष्कळ घरांत ते वर्षातून दोनदा चालतं. जुलैत सुरुवात ‘गुरुपौर्णिमेनिमित्त’, सप्टेंबरात ‘शिक्षक दिनानिमित्त’. पुढचं ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ तेच. दोन्ही दिवशी गुलाबाचं फूल, दोन्ही दिवशी पालकांच्या ग्रुपवर वर्गणीचा मेसेज. खरं तर दोन्ही दिवसांची जातकुळी वेगळी आहे.

गुरुपौर्णिमा म्हणजे आषाढ पौर्णिमा, व्यासपौर्णिमा. तिथीप्रमाणे येते म्हणून तारीख सरकते: २०२५ साली १० जुलै, २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे थेट २९ जुलै. बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश केला तीही हीच पौर्णिमा, आणि बौद्धांचा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, याच सुमारास सुरू होतो. या दिवसाला शाळेची गरजच नाही. गायनाच्या क्लासमध्ये बघा: लहान-मोठे शिष्य एकेक करून गुरूंसमोर बसतात, वर्षभर घोटलेला राग पाच-दहा मिनिटं गातात, चुकतात, पाया पडून उठतात. नातं एका शिष्याचं एका गुरूशी, आणि कोणाला गुरू मानायचं ते शिष्यच ठरवतो.

शाळेत नेमकी इथेच अडचण होते. आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून उशिरा. गुरुपौर्णिमेपर्यंत नव्या वर्गशिक्षकांची आणि मुलांची धड ओळखही झालेली नसते. मग कृतज्ञता कसली व्यक्त करणार? म्हणून या दिवशी मुलाला मागच्या वर्षीच्या शिक्षकांकडे पाठवावं. नाहीतर त्याच्याही आधीच्या. हातात भेटकार्ड नको, वहीचा कागद पुरे, आणि त्यावर एकच खरी गोष्ट: ‘बाई, छेद वेगळे असले की आधी समान करायचे, हे तुम्ही भाकरीचे तुकडे करून दाखवलंत. आता चुकत नाही.’ असला कागद शिक्षक वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पेनं मात्र टेबलाच्या खणात मावेनाशी होतात.

काही शाळांत पाद्यपूजा करतात. घरच्या गुरूची जरूर करावी. सगळ्या धर्मांची मुलं असलेल्या वर्गात सक्तीने करू नये. बरेच शिक्षक स्वतःही त्या वेळी अवघडून जातात.

शिक्षक दिन मात्र सरकारी कॅलेंडरातला. ५ सप्टेंबर १८८८ हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. १९६२ मध्ये ते राष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षापासून हा दिवस पाळला जाऊ लागला. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारही याच दिवशी दिले जातात. इथे आवडनिवड नाही, सन्मान अख्ख्या पेशाचा. म्हणजे चित्रकलेचे सर, पीटीच्या मॅडम आणि मुलांना मुळीच न आवडणारे गणिताचे सरसुद्धा. ‘फेव्हरिट टीचर’ची मतं मागवणाऱ्या शाळा दिवसाचा अर्थच उलटा करतात.

या दिवसाची आपली खास रीत म्हणजे स्वयंशासन. दहावीच्या मुली आईची साडी पिनांनी घट्ट करून वर्गावर जातात, एक जण मुख्याध्यापक होतो, एक जण शिपाई होऊन घंटा देतो. दुसऱ्या तासाला आवाज बसतो, तिसऱ्या तासाला ‘गप्प बसा रे’ची गाडी रडकुंडीला येते. माझ्या मते कौतुकाचा याहून चांगला कार्यक्रम नाही. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात: मुलांनी आदल्या दिवशी पाठाचं टाचण स्वतः काढावं, आणि सत्काराची तालीम शिक्षकांकडून बसवून घेऊ नये. आपल्याच सत्काराचं सूत्रसंचालन लिहून देणारे शिक्षक कमी नाहीत!

पेशाचा दिवस म्हटल्यावर पेशाचं ओझंही त्यात आलं. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्तिनिवारणाची कामं शिक्षकांना देता येतात, त्यावर शाळेतली कागदपत्रं वेगळीच. तेव्हा पालकांनी शालीऐवजी वेळ द्यावा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांकडे लक्ष ठेवावं, शिक्षकांना डबा निवांत खाऊ द्यावा. तारीख गणपतीच्या सुट्टीत आलीच तर कार्यक्रम पुढे ढकलावा, काही बिघडत नाही.

महाराष्ट्रात तिसराही दिवस आहे, ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. राज्याच्या शिक्षक पुरस्काराला नावही त्यांचंच आहे. तोवर वर्ष निम्म्याहून जास्त सरलेलं असतं, आणि वर्गशिक्षकांनी आपल्या मुलासाठी काय केलं हे घरात कळलेलं असतं. तेव्हा त्यांच्या कामाबद्दल मुख्याध्यापकांच्या नावे चार ओळींचं पत्र द्यावं, प्रत शिक्षकांना. तक्रारीची पत्रं शाळेत रोज येतात, असलं क्वचितच. वर्गणी मात्र तिन्ही दिवशी नको. ग्रुपवर शंभर रुपये टाकता न आलेल्या आईचं नाव यादीत रिकामं दिसतं, आणि ते सगळ्यांनाच दिसतं.