परमिट रूम काढायची आहे? आधी टेप घेऊन जागेवर जा
महाराष्ट्रात दारूविक्रीचे परवाने ज्या कायद्याखाली मिळतात त्याचं नावच 'महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९' आहे. हसू येतं, पण मूळ नियम बंदीचा आणि परवाना म्हणजे त्यातली सूट, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं कळायला सोपं जातं. ही सूट ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच मिळते.

परवाने नमुन्याच्या नंबरावरून ओळखले जातात. वाइन शॉप म्हणजे एफएल-२, देशी दारूचं दुकान सीएल-३, बियर शॉपी एफएलबीआर-२, तर परमिट रूम, म्हणजे बसून दारू प्यायची जागा, एफएल-३. यातले एफएल-२ आणि सीएल-३ सत्तरच्या दशकापासून सामान्य अर्जदाराला नव्याने मिळत नाहीत. जुनेच हस्तांतरित होतात. 'नवं वाइन शॉप काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करा.

एफएल-३ चा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, तिथे प्रश्नच नाही. इतरत्र खरी परीक्षा जागेची असते. शाळा, देऊळ-मशीद, एसटी स्टँड यांपासून ७५ मीटरच्या आत परवानगी नाही. त्यामुळे डिपॉझिट देण्याआधी स्वतः टेप लावा. माप ७५ च्या आसपास रेंगाळत असेल तर माझ्या मते ती जागा सोडलेलीच बरी. तक्रार झाली की पुन्हा मोजणी आलीच. हायवेचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने ५०० मीटरची अट घातली. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी पुढे ती २२० मीटर झाली, आणि पालिका हद्दीला २०१७ मध्येच मोकळीक मिळाली.

कागदपत्रांत आधार, पॅन, मालकीचा उतारा किंवा नोंदणीकृत भाडेकरार, मूळमालकाची संमती, मंजूर नकाशा, खाद्यगृहाचा आणि अन्न सुरक्षेचा परवाना, पोलिसांचा चारित्र्य दाखला, प्रतिज्ञापत्र. गावात असाल तर ग्रामसभेचा ठराव. सोसायटीच्या आवारातल्या नव्या बियर शॉपी आणि दारू दुकानांसाठी सोसायटीची ना हरकत सक्तीची करण्याची घोषणा सरकारने मार्च २०२५ मध्ये केली आहे. फाइल अडते ती बहुधा क्षुल्लक गोष्टींवर: करारात 'गाळा नं. ३', नकाशावर 'दुकान नं. ३अ'. निरीक्षक पाहणीला आल्यावर स्वयंपाकघराची भिंत नकाशापेक्षा दोन फूट पुढे निघाली, तरी नवा नकाशा काढा. आणि पाटी रंगवायची घाई नको. मद्यविक्रीच्या ठिकाणाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव देता येत नाही.

फी लोकसंख्येच्या टप्प्यांवर ठरते. नूतनीकरण दरवर्षी, ३१ मार्चच्या आत.

परवाना हाती आला तरी गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला, म्हणजे बंदीच्या बाजूने, पडली की दुकान बंद. गिऱ्हाइकाचं वयही तुम्हीच तपासायचं: बियर-वाइनसाठी २१, बाकी दारूसाठी २५. आणि पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा ५ रुपयांना मिळतो. त्याचं पुस्तक गल्ल्याजवळ ठेवा.