अप माहितीपट मालिका

ब्रिटनमधील ग्रॅनडा टेलिव्हिजन या कंपनीने १९६४ मध्ये सुरू केलेली दीर्घकालीन माहितीपट मालिका. त्याच चौदा व्यक्तींचे दर सात वर्षांनी चित्रीकरण करून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेणे, ही तिची पद्धत. पहिला भाग, ‘सेव्हन अप!’, ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या वृत्तविषयक कार्यक्रमात कृष्णधवल स्वरूपात दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शन पॉल आमंड यांनी केले होते आणि मुले शोधण्याचे काम मायकेल ॲप्टेड या तरुण संशोधकाकडे होते. ‘सेव्हन प्लस सेव्हन’ (१९७०) पासून ‘सिक्स्टी थ्री अप’ (२०१९) पर्यंतचे पुढील सर्व भाग ॲप्टेड यांनीच केले. मधल्या काळात त्यांनी १९९९ चा जेम्स बाँडपटही दिग्दर्शित केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूळ हेतू उघडपणे राजकीय होता. जन्माने मिळालेला सामाजिक वर्गच सात वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरवतो, हे दाखवण्यासाठी महागड्या खासगी शाळांतील, लंडनच्या कामगारवस्तीतील आणि अनाथालयातील मुले मुद्दाम निवडण्यात आली. श्रीमंत घरच्या मुलांनी आपण पुढे कोणत्या शाळेत व विद्यापीठात जाणार हे तेव्हाच सांगितले होते आणि ते बऱ्याच अंशी तसेच घडले. मात्र यॉर्कशरमधील एका शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकून अमेरिकेत प्राध्यापक झाला, तर लिव्हरपूलचा एक हसरा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर भटकताना आढळला आणि पुढे स्थानिक राजकारणात निवडून आला. वर्गाच्या सिद्धान्तात न बसणाऱ्या अशा आयुष्यांमुळेच मालिकेला खोली आली, असे म्हणता येईल.

प्रत्येक भागात जुनी दृश्ये नव्या मुलाखतींशी जोडली जात असल्याने एकच चेहरा काही मिनिटांत अनेक दशके ओलांडतो. या तंत्राइतक्याच मालिकेच्या उणिवाही ठळक आहेत. चौदांपैकी मुली फक्त चार होत्या. स्त्रियांच्या बदलत्या जीवनाची नोंद त्यामुळे अपुरी राहिली, याची खंत ॲप्टेड यांनी व्यक्त केली होती. लंडनच्या ईस्ट एंडमधील एक मुलगा गुन्हेगारीकडे वळेल असे गृहीत धरून त्यांनी त्या दृष्टीने चित्रीकरणही करून ठेवले; प्रत्यक्षात तो टॅक्सीचालक झाला. ‘फॉर्टी नाइन अप’ (२००५) मध्ये तर एका सहभागी स्त्रीने त्यांच्या प्रश्नांबद्दल कॅमेऱ्यासमोरच त्यांना जाब विचारला आणि तो वाद त्यांनी चित्रपटात तसाच ठेवला.