ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती वाढवायची नसते

ल्युपसच्या रुग्णांना ‘इम्युनिटी वाढवणारं काहीतरी घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडं, काहीही तडाख्यात सापडतं. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया असतात.

आपल्या पेशी रोज मरतात आणि त्यांच्यातल्या डीएनएची एरवी लगोलग विल्हेवाट लागते. ल्युपसमध्ये तो रेंगाळतो, आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. डीएनए आणि अँटिबॉडीचं हे जोडकं प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक नावाची पेशी गिळते. तिच्या आत टीएलआर-९ हा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन असतं. त्याचं काम जंतूंचा डीएनए ओळखण्याचं, पण इथे तो रिसेप्टर फसतो. विषाणू शिरल्यासारखी ती पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडत सुटते. इंटरफेरॉनमुळे अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी चेकाळतात, अँटिबॉडी वाढतात, जोडकी वाढतात, पुन्हा इंटरफेरॉन! मारायला विषाणूच नसतो, मग हे चक्र थांबणार कसं?

इंटरफेरॉन अडवावं म्हटलं तर नुसत्या अल्फाचेच डझनभर प्रकार, शिवाय बीटा वगैरे वेगळे. पण या साऱ्यांना पेशीवरच्या एकाच रिसेप्टरला चिकटावं लागतं. अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध नेमकं तिथेच जाऊन बसतं. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

तरीही या औषधाची ट्युलिप-१ ही मोठी चाचणी फसली. औषधाच्या गटात ३६ टक्के रुग्ण सुधारले, प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही दिलेल्या गटात ४०! प्लासिबो गटाचीही नेहमीची औषधं चालूच असतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं. शिवाय ‘सुधारणा’ मोजण्याची एसआरआय-४ ही पट्टी एखादं लक्षण पूर्ण गेलं तरच गुण देते. निम्मं पुरळ ओसरलं तर तिच्या लेखी काहीच झालं नाही. ट्युलिप-२ मध्ये अर्धवट सुधारणाही धरणारी बिक्ला ही पट्टी वापरली, तेव्हा प्रमाण ४७.८ विरुद्ध ३१.५ टक्के आलं. पट्टी बदलली ती निकाल उघडण्यापूर्वी, म्हणून मी याला लबाडी म्हणणार नाही. ट्युलिप-१ च्या आकड्यांना बिक्ला लावली तर तिथेही औषधाचंच पारडं जड ठरतं.

२०२१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. चमत्कार मात्र समजू नका, कारण औषध घेऊनही निम्म्याहून जास्त रुग्ण त्या पट्टीवर उतरले नाहीत. आणि इंटरफेरॉन हे मुळात विषाणूंविरुद्धचं हत्यार. ट्युलिप-२ मध्ये नागीण औषधाच्या गटात ७.२ टक्के रुग्णांना झाली, प्लासिबोच्या गटात १.१ टक्के. हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.