सॉसेजला लागणारा काटा

घरी सॉसेज करायचं म्हटलं की सगळ्यांचा जीव खिम्याच्या यंत्रात अडकतो. भीती खरीच आहे. मांस खाली ढकलायला लाकडी दट्ट्याच हवा, बोट नव्हे. ओढणी, बांगड्या दूर. यंत्र अडलं तर आधी प्लग काढायचा, मगच उघडायचं. ते अडतं बहुधा मांसावरच्या पांढऱ्या चिवट पापुद्र्यामुळे. तो पात्याला दोऱ्यासारखा गुंडाळतो, मांस कापलं न जाता चिरडतं आणि जाळीतून नुसता लगदा येतो. पातं, जाळी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली आणि मांसही गारेगार असलं, तर चरबी वितळत नाही.

पण मला जास्त धास्ती वाटते ती ओट्यावर गप्प बसलेल्या वजनकाट्याची.

मांस खारवून टांगायचं किंवा धुरी द्यायची असेल तर 'क्युअरिंग सॉल्ट' वापरतात. ते गुलाबी असतं, पण आपल्या सैंधवाशी त्याचं काही नातं नाही; साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला रंग देतात. त्याच्या पहिल्या क्रमांकाच्या प्रकारात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट, बाकी मीठ. किलोभर मांसाला हे २.५ ग्रॅम पुरतं, म्हणजे नायट्राइट जेमतेम १५६ मिलिग्रॅम. चहाचा सपाट चमचा घातलात तर दुपटीहून जास्त झालं. नायट्राइटचा अतिरेक झाला की रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, ओठ निळे पडतात. कमी पडलं तर क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष बनवणाऱ्या जंतूला रान मोकळं. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेजच! जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचा सविस्तर अभ्यास केला, तेव्हापासूनचं हे नातं.

स्वयंपाकघरातला काटा एकेका ग्रॅमने मोजतो. अडीच ग्रॅमला तो दोन म्हणेल किंवा तीन. शिवाय चिमूट चिमूट टाकत गेलात तर अनेक स्वस्त काटे तो बारीक फरक स्वतःच शून्य धरून टाकतात. मी एकदा चार चिमटी टाकल्या, आकडा ढिम्म हलला नाही. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्यावा, मीठ वेगळ्या वाटीत एकदम घ्यावं आणि मगच मांसात घालावं.

गोव्यातल्या 'चोरीस' या पारंपरिक सॉसेजची तऱ्हा वेगळी. मांस हाताने कापायचं. मीठ, माडीचं व्हिनेगर, सुक्या मिरच्या, मग ऊन आणि चुलीचा धूर. तुकडे राखले की जंतू बरेचसे वरच्या वरच राहतात. खिम्यात तेच आतपर्यंत कालवले जातात. हे मुरवायला ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र नको, व्हिनेगर त्याला खातं. चिनी मातीची बरणी किंवा स्टील बरं. आणि खिम्याचं ताजं सॉसेज शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मधोमध थर्मामीटर खुपसा, ७१ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा. तो थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का, तेही आधी पाहून घ्या.