ताणकाट्याने मोजा बोल्टचा पीळ

दुचाकीचं इंजिन ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट अंदाजाने आवळला, की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जायला वेळ लागत नाही. मॅन्युअलमध्ये त्याचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, छापलेला असतो; तो मोजून आवळणारा टॉर्क पाना मात्र घरात नसतो. सॉकेटचा लांब दांडा आणि हुकाला टांगून वजन करायचा एक ताणकाटा असला, तरी त्या आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

टॉर्क म्हणजे ओढ गुणिले अंतर. समजा, मॅन्युअल 24 न्यूटन मीटर सांगतं. बोल्टच्या मध्यापासून 40 सेंमीवर दांड्याला तिकोनी कानशीने हलकी खाच पाडा आणि काट्याचा हुक तिथे अडकवा. 24 भागिले 0.4 म्हणजे 60 न्यूटन. काटा किलो दाखवतो, म्हणून 9.81 ने भागा: 6.1 किलो. अंतर खाचेपासून बोल्टच्या मध्यापर्यंतच मोजा. एक सेंमीची चूक म्हणजे अडीच टक्के.

ओढ दांड्याशी काटकोनात हवी. कोन 75 अंश झाला तर साडेतीन टक्केच घट होते, 60 अंशांवर मात्र तेरा. म्हणून दांडा फिरेल तसा काटाही फिरवत न्या. दुसऱ्या हाताने सॉकेट बोल्टवर नुसतं धरा, दांड्याला हात लावू नका.

बहुतेकांची चूक होते ती दांड्याच्या वजनात. बोल्ट इंजिनच्या बाजूला असेल आणि दांडा आडवा राहत असेल, तर 600 ग्रॅमचा दांडा, वजनाचा मध्य 20 सेंमीवर धरून, स्वतःच सुमारे 1.2 न्यूटन मीटर पीळ देतो. 24 मध्ये ते पाच टक्के; 10 न्यूटन मीटरच्या बारीक बोल्टला बारा! सॉकेट अशा बेताने बसवा, की शेवटची ओढ देताना दांडा सरळ खाली लोंबत असेल. मग वजनाचा पीळ उरत नाही.

काटा स्प्रिंगचा, काटेवाला घ्या. सामान तोलायचे बरेच डिजिटल काटे आकडा स्थिर झाला की गोठतात, इथे तर ओढ सतत वाढत असते. आडवा धरल्यावर शून्य सरकतं, ते आधी जुळवा. तपासणीला पाच लिटर पाण्याचा कॅन टांगा: पाच किलो अधिक रिकाम्या कॅनचं वजन.

आकडा बोल्ट हळूहळू फिरत असताना वाचा. थांबलेला बोल्ट पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि काटा खोटं बोलतो. थांबलाच तर अर्धा फेरा सैल करून पुन्हा आवळा. आट्यांना तेल लावायचं असं मॅन्युअलमध्ये नसेल तर ते पुसून कोरडे करा. पिळाचा मोठा भाग घर्षणातच जातो, आणि तेलाने घर्षण घटलं की त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.