हवेची सीट (एकचाकी सायकल)

एकचाकी सायकलच्या सीटमधला फोम काढून किंवा कोरून त्या जागी हवा भरलेली रबरी ट्यूब बसवली, की त्या सीटला हवेची सीट म्हणतात. असा बदल बहुधा २९ किंवा ३६ इंची चाकावर लांब पल्ला गाठणारे स्वार करून घेतात. त्याला लागणारे सामान, म्हणजे लहान मुलांच्या सायकलची ट्यूब, पातळ फोम, जाड कापड आणि पंक्चरचे सोल्यूशन, नागपूरसारख्या शहरात कोणत्याही सायकल दुकानात आणि गादी-कव्हरच्या दुकानात मिळते.

दुचाकी सायकलवर शरीराचा भार सीट, पेडल आणि हँडल यांत वाटला जातो. एकचाकीला सहसा दुचाकीसारखे हँडल नसते, त्यामुळे बसून चालवताना बराचसा भार सीटवरच येतो. शिवाय सर्वसाधारण एकचाकीत पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने पाय थांबवून नुसते घरंगळत जाण्याची सोय नसते, आणि तोल राखण्यासाठी सीट दोन्ही मांड्यांमध्ये धरून ठेवावी लागते. फोम जिथे जास्त दाबला जातो तिथे जास्त उलटा दाब देतो, म्हणून बसण्याची दोन हाडे आणि त्यांच्या मधला नाजूक भाग यांवर ताण साचतो. तिथल्या नसा व रक्तवाहिन्या बराच वेळ दाबल्या गेल्या तर बधिरपणा येतो. बंदिस्त हवेचा दाब मात्र पास्कलच्या नियमानुसार सर्व बाजूंना सारखा असतो, आणि हवेच्या सीटचा मुख्य लाभ याच गोष्टीतून येतो. चढावर स्वार पेडलवर जोर देतो तेव्हा सीटवरचा भार आपोआप हलका होतो. उलट सपाट रस्त्यावर ती उसंत मिळतच नाही. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढापेक्षा वर्धा रोडसारखा सरळ, सपाट रस्ता सीटची अधिक कठोर परीक्षा घेतो तो यामुळेच.

एकचाकीच्या मूळ, फोमच्या सीटचे मुख्य भाग चार असतात: खालचा कडक बेस, त्यावर चिकटवलेला फोम, वरचे कव्हर आणि पुढे-मागे स्क्रूने बसवलेले प्लास्टिकचे बंपर. बंपर काढले, की कव्हरच्या कडेच्या स्टेपल दिसतात. त्या पेचकसाने उचकटून पकडीने एकेक ओढून काढाव्या लागतात. फोम बेसपासून सोडवल्यावर बेसची वरची बाजू बोटांनी चाचपून पाहणे फार गरजेचे आहे. स्क्रूचे वर आलेले टोक, तुटलेल्या स्टेपलचा तुकडा किंवा प्लास्टिकची धारदार कड राहिली, तर नवी ट्यूब पहिल्याच फेरीत फाटते. कडा कानशीने घासून त्यावर जुन्या ट्यूबचा रबर पसरून चिकटवला, की हा धोका बहुतांशी टळतो.

ट्यूब कशी ठेवायची यावर सीटचा आराम ठरतो. १२ इंची चाकाची ट्यूब चपटी केली की सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचे दोन पदर शेजारीशेजारी पडतात, आणि ते सीटच्या वक्राकारात पुढून-मागून थोडे वर वळून नीट बसतात. १६ इंची ट्यूबची घडी घातल्यास चार आखूड पदर होतात. बैठक रुंद होते, पण घडीच्या जागी रबर मुडपून तिथेच चीर पडण्याचा संभव असतो. दोन पदरांची मांडणी अधिक चांगली म्हणावी लागेल, कारण पदरांच्या मधोमध आपोआप एक खाच राहते आणि नाजूक भागावरचा दाब कमी होतो. पदर सरकू नयेत म्हणून ते कापडी पट्टीने बांधतात आणि वर साधारण एक सेंटिमीटर जाडीचा फोम अंथरतात.

कव्हर ताणून बसवणे ही नेहमीची चूक आहे. न ताणले जाणारे रेक्झीन घट्ट शिवले तर आत हवा असूनही सीट ढोलकासारखी कडक लागते. स्कूटरच्या सीटना कव्हर शिवणाऱ्या कारागिराला हे काम देताना हवा भरलेली ट्यूब बेसवर ठेवूनच माप घ्यायला सांगावे आणि खालच्या कडेला स्टेपलऐवजी नाडी ओवून घ्यावी. नाडी सोडली की कव्हर निघते, पंक्चर काढून पुन्हा बसवता येते. स्टेपल असल्या तर दर वेळी सगळे उचकटावे लागते. नागपूरच्या उन्हात काळे रेक्झीन टाळून फिकट रंगाचे जाड कॅनव्हास वापरणे केव्हाही चांगले.

वॉल्व बाजूने किंवा मागून बाहेर काढतात, म्हणजे मांडीला लागत नाही. आपल्याकडच्या साध्या सायकलच्या ट्यूबला असलेल्या वॉल्वमध्ये लहान रबरी नळी असते. त्यातून थोडीशी हवा सोडायची तर नट सैल करावा लागतो आणि बहुधा हवी त्यापेक्षा जास्त हवा निघून जाते. स्कूटरसारखा पिनचा वॉल्व असलेली ट्यूब घेतली, तर नखाने पिन दाबून बसल्या बसल्या हवा कमी करता येते.

हवा किती भरावी? स्वार बसल्यावर हाडे बेसला टेकू नयेत एवढीच. जास्त भरली की सीट गोल होते आणि स्वार तिच्यावर डाव्या-उजव्या बाजूला घसरतो. एवढ्या कमी दाबामुळेच तापमानाचा परिणाम इथे टायरपेक्षा फार जाणवतो. समजा सकाळी ३० अंश सेल्सिअसला सीटमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला २ पौंड जास्त दाब आहे. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी ठेवलेली सीट ६० अंशांपर्यंत तापली आणि ट्यूबचे आकारमान तेवढेच राहिले, तर तो वाढीव दाब साडेतीन पौंडांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. त्याच तापमानवाढीत ५० पौंडांच्या टायरचा दाब मात्र सुमारे १३ टक्क्यांनीच वाढतो. प्रत्यक्षात ट्यूब थोडी फुगत असल्याने सीटमधली वाढ याहून कमी राहते, तरीही सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर मऊ वाटलेली सीट दुपारी कडक लागण्याचे कारण हेच असते. म्हणून उन्हाळ्यात स्वारीला निघतेवेळीच, स्वतः बसून हवा जुळवावी आणि थांब्यावर सायकल सावलीत ठेवावी.

हवेची सीट मूळ सीटपेक्षा काहीशी उंच होत असल्याने सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) तेवढा खाली घ्यावा लागतो. उड्या मारणे आणि कसरतीचे प्रकार यांसाठी ती सोयीची नाही, कारण सीट हाताने खेचताना किंवा मांड्यांनी वळवताना हवा हलते आणि चाकाला हालचाल उशिरा पोचते. नवशिक्यानेही तोल पक्का होईपर्यंत फोमचीच सीट वापरावी. मधे खाच असलेल्या तयार फोमच्या सीटही मिळतात, आणि मध्यम अंतरासाठी त्या पुरेशा ठरतात.